घरगुती वीजबिल, गॅस आणि देशाचं ऊर्जा धोरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या घरगुती ग्राहकांसाठी हे पान आहे. प्रति युनिट दर इथे मुद्दाम दिलेले नाहीत. ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलतात आणि प्रत्येक वितरण कंपनीचे वेगळे असतात. सध्याचा दरतक्ता तुमच्या बिलाच्या मागच्या बाजूला किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर मिळेल. इथे आहे ते बिल कसं घडतं, घरात काय करता येतं आणि जे घरात ठरत नाही ते कुठे ठरतं, हे.

युनिटं गेल्या महिन्याइतकीच आहेत, तरी बिल जास्त आलं. असं कसं?

दोन्ही बिलं शेजारी ठेवा आणि या क्रमाने बघा. आधी मागील आणि चालू रीडिंगच्या तारखा. एक बिल २९ दिवसांचं आणि दुसरं ३४ दिवसांचं असेल तर त्यांची तुलना होत नाही. मग रीडिंगच्या रकान्यात आकडा आहे की घर बंद, मीटर नादुरुस्त असा शेरा आहे ते बघा. शेरा असेल तर बिल सरासरीने काढलेलं आहे आणि पुढच्या महिन्यात फरक निघणार. तिसरी गोष्ट मागची थकबाकी आणि 'समायोजित रक्कम'. ती शून्य नसेल तर वाढ तिथेच आहे.

हे सगळं जुळत असेल तर आकार तपासा. घरगुती बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज तारांतून घरापर्यंत पोचवण्याचा), इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असे पाच भाग असतात. वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर आहे, घरगुती ग्राहकांना तो १६ टक्के लागतो आणि आधीच्या चारही आकारांच्या बेरजेवर लागतो. त्यामुळे कोणताही आकार १०० रुपयांनी वाढला की बिल ११६ रुपयांनी वाढतं. विजेवर जीएसटी नाही.

इंधन समायोजन आकार म्हणजे काय? तो दर महिन्याला बदलतो का?

आयोग वर्षाचा दर ठरवतो तेव्हा कोळसा आणि वीज खरेदीचा खर्च अंदाजाने धरलेला असतो. प्रत्यक्ष खर्च आणि अंदाज यातला फरक या आकारातून वसूल होतो. खर्च कमी झाला तर तो उणे होऊन बिलातून वजाही होतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने वीज नियमांत बदल करून हा फरक दर महिन्याला आपोआप ग्राहकांकडे जावा अशी तरतूद केली.

समजा तो प्रति युनिट ५० पैसे आहे आणि तुमचा वापर ३०० युनिट. १५० रुपये झाले, वर शुल्क धरून १७४. दरवाढीची एकही बातमी न येता एवढी रक्कम वाढू शकते. उन्हाळ्यात मागणी वाढते, कंपन्या बाजारातून महाग वीज घेतात आणि त्याचा परिणाम काही आठवड्यांनी बिलात उतरतो. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात कोळशाची टंचाई झाली आणि केंद्र सरकारने औष्णिक (कोळशावरच्या) वीजकेंद्रांना आयात कोळसा मिसळायला सांगितलं. त्याचा वाढीव खर्च याच वाटेने घरांपर्यंत पोचला.

३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्या बिलाला वरचा दर लागतो, हे खरं का?

नाही. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. ३२० युनिट वापरले तर पहिली १०० पहिल्या दराने, पुढची २०० दुसऱ्या दराने आणि फक्त शेवटची २० तिसऱ्या दराने लागतात.

यातून निघणारा हिशेब मात्र महत्त्वाचा आहे. बचत नेहमी वरच्या टोकाकडून होते. महिन्याला ३२० वापरणाऱ्याने ४० युनिट वाचवले तर २० तिसऱ्या आणि २० दुसऱ्या दराने वाचतात. एकूण बिलाला युनिटने भागून 'सरासरी दर' काढायचा आणि त्यावर पंख्याची किंवा सोलरची परतफेड मोजायची, ही चूक जवळजवळ सगळे करतात. मोजायचा तो शेवटच्या युनिटचा दर: तुमच्या टप्प्याचा वीज आकार, अधिक वहन आकार, अधिक इंधन समायोजन, आणि या बेरजेला १.१६ ने गुणायचं.

टप्पे दर महिन्याचे आहेत. रीडिंग न घेतल्याने दोन महिन्यांचं बिल एकत्र आलं तर टप्पेही दुप्पट धरले पाहिजेत, म्हणजे पहिला २०० पर्यंत, दुसरा ६०० पर्यंत. तसं झालेलं नसेल तर लेखी दुरुस्ती मागा.

घरात नेमकं काय किती वीज खातं? सुरुवात कुठून करू?

जी गोष्ट जास्त तास चालते तिथून. जास्त वॅटची वस्तू दिसायला दांडगी असते, पण इस्त्री आठवड्यातून दोनदा चालते आणि पंखा रोज पंधरा तास.

साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅटचा. रोज १५ तास धरले तर महिन्याला ३४ युनिट. बीएलडीसी मोटरचा पंखा पूर्ण वेगाला साधारण ३० वॅट घेतो, म्हणजे साडेतेरा युनिट. एका पंख्यामागे वीस युनिट वाचतात, चार पंख्यांचे ऐंशी. वरच्या टप्प्यातल्या घरात पंखा बदलण्याचा खर्च साधारण दोनेक वर्षांत निघतो. एक पथ्य आहे: हा पंखा भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरला जोडायचा नाही. रेग्युलेटर काढून सरळ स्विचला द्यावा लागतो, नाहीतर आतलं सर्किट जातं. इलेक्ट्रिशियन हे विसरतात आणि वॉरंटी नाकारली जाते. जुना मोठा गोल रेग्युलेटर असेल तर तो वेग कमी करताना उरलेली वीज उष्णतेत घालवतो, त्यामुळे पंखा हळू केला तरी बचत फारशी होत नाही.

आंघोळीचं पाणी. २५ अंशांचं पाणी ४२ अंशांपर्यंत न्यायला २० लिटरच्या एका बादलीमागे ०.४ युनिट लागतं. हे भौतिकशास्त्र आहे, कोणत्याही कंपनीचा गीझर त्यात सूट देत नाही. चार माणसांच्या चार बादल्यांचे महिन्याला ४८ युनिट. गीझर दिवसभर चालू ठेवला तर टाकीतून झिरपणाऱ्या उष्णतेचे युनिट वेगळे. वापराआधी दहा-पंधरा मिनिटं लावून बंद करा आणि थर्मोस्टॅट ५० च्या आसपास ठेवा. त्याने क्षारही कमी साचतात. बोअरच्या जड पाण्याच्या भागात कॉइलवर थर बसला की पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी कॉइल जळते. तिथे दोन वर्षांतून एकदा टाकी उघडून साफ करून घ्यावी.

सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद असतानाही १०-१२ वॅट घेत राहतो. महिन्याला आठ युनिट जातात. रात्री भिंतीवरचं बटण बंद करा, एवढाच उपाय.

घरात इन्व्हर्टर असेल तर बॅटरीचं वय बघा. चार-पाच वर्षांची थकलेली बॅटरी पूर्ण भरतच नाही आणि चार्जर सतत चालू राहतो. बॅटरी गरम लागत असेल आणि पाणी वारंवार घालावं लागत असेल तर ती बिलातही दिसत असते.

एसी वापरायचाच आहे. बिल आटोक्यात कसं ठेवू?

ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने तापमान एक अंशाने वर ठेवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. २० ऐवजी २४ वर ठेवून छताचा पंखा हळू लावला तर गारवा तेवढाच जाणवतो. खरेदी करताना ताऱ्यांपेक्षा लेबलवरचा वार्षिक युनिटचा आकडा बघा. तो १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो, त्यामुळे १६०० ने भागलं की तासाचा सरासरी वापर मिळतो. मग तुमचे तास गुणा. रात्री आठ तास, चार महिने म्हणजे हजारच्या आसपास तास होतात. एवढ्या वापरात पाच तारे परवडतात. वर्षातून महिनाभर वापरणाऱ्याला तीन तारे पुरतात.

जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. गॅस वापरून संपत नाही. भरण्याआधी गळती शोधून बंद करायला सांगा.

प्लगला लावायचं 'वीज बचत यंत्र' उपयोगी आहे का?

नाही. आत बहुतेकदा एक कपॅसिटर आणि दिवा असतो. तो पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती कामी लागते त्याचं प्रमाण) सुधारतो, पण घरगुती सिंगल फेज बिल किलोवॅट-तासांवर, म्हणजे युनिटांवर येतं आणि त्यात पॉवर फॅक्टरने काही फरक पडत नाही.

मीटर पळतोय असं वाटतं. घरीच तपासता येईल का?

बऱ्यापैकी. मीटरनंतरचा मेन स्विच बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा पाच मिनिटं बघा. तो लुकलुकत राहिला तर मीटर किंवा मीटर आणि स्विच यांच्यामधली वायर संशयास्पद आहे. कुणी मधूनच जोडणी घेतली असेल तर तीही इथेच सापडते. दिवा थांबला तर मेन चालू करून घरातली एकेक उपकरणं बंद करत जा. सगळी बंद करूनही लुकलुक राहिली तर घरातल्या वायरिंगमध्ये गळती आहे. बहुतेक वेळा ती ओल आलेल्या भिंतीत, गच्चीवरच्या पंपाच्या केबलमध्ये किंवा गीझरच्या कॉइलमध्ये असते, आणि ती बिलापेक्षा जिवाला जास्त धोकादायक आहे. आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी ती बसवा.

वेग तपासायला मीटरवर छापलेला आकडा बघा, उदाहरणार्थ ३२०० इम्पल्स (लुकलुक) प्रति किलोवॅट-तास. इतर सगळं बंद ठेवून १५०० वॅटची पाण्याने भरलेली किटली लावली तर मिनिटाला ८० वेळा दिवा लागला पाहिजे. डोळ्यांनी मोजणं जड जातं, मोबाइलवर चित्रीकरण करून मोजा. व्होल्टेज कमी असेल तर किटलीच कमी वीज घेते (२१० व्होल्टला साधारण १७ टक्के कमी), तेव्हा थोड्या फरकावरून निष्कर्ष काढू नका. ९५-१०० च्या वर मोजणी गेली तर शुल्क भरून मीटर चाचणीचा अर्ज द्या आणि चाचणी तुमच्यासमोर व्हावी असं अर्जात लिहा.

स्मार्ट मीटर लागल्यापासून बिल वाढलं. काय करू?

केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ ला झालेली दुरुस्ती इथे कामाची आहे. रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली तर वितरण कंपनीने पाच दिवसांत दुसरा मीटर जोडून किमान तीन महिने वापर पडताळून पाहायचा आहे. अर्जात या नियमाचा उल्लेख करा आणि पोच घ्या.

जुना मीटर मंद चाललेला असणं हे बिल वाढण्याचं एक खरं कारण असतं. म्हणून मीटर काढताना जुन्याच्या शेवटच्या रीडिंगचा आणि नव्याच्या पहिल्या रीडिंगचा फोटो घ्याच. बदलाच्या महिन्यातल्या बहुतेक वादांचा निकाल या दोन फोटोंवर लागतो.

या मीटरचा उपयोग वेळेनुसार दरासाठी आहे. जून २०२३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि कमाल मागणीच्या तासांत घरगुती ग्राहकांना तो किमान १.१ पट असावा. महावितरणचे सौर तास सकाळी ९ ते संध्याकाळी ५ आहेत. सवलत किंवा वाढ प्रत्यक्ष किती, हे चालू दर आदेशातून बघा. कपडे धुण्याचं यंत्र, पाण्याचा पंप, इस्त्री आणि दुचाकीचं चार्जिंग या वेळेत हलवणं सोपं आहे. सोसायटीचा पंप तर टायमर लावून सहज हलतो. रात्रीचा एसी हलत नाही, त्यामुळे फक्त रात्री वीज वापरणाऱ्या नोकरदार घराला या पद्धतीचा फायदा कमी होईल, हे स्पष्ट सांगायला हवं.

एप्रिलनंतर 'अतिरिक्त सुरक्षा ठेव' असं वेगळं बिल आलं. भरायलाच हवं का?

हो, ती कायदेशीर आहे. मागच्या वर्षाच्या सरासरी वापरावर ती पुन्हा काढतात, म्हणून बिल वाढलं की ठेवही वाढते. ती तुमचीच रक्कम असते, तिच्यावर व्याज मिळतं आणि ते बिलातून वजा होतं. व्याज जमा झालं का, तेवढं तपासा.

सिलिंडर परवडतो की इंडक्शन?

हिशेब सोपा आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यातली उष्णता साधारण १८० युनिट विजेइतकी. चांगल्या शेगडीवर तिच्यातली ६५ टक्के भांड्यात जाते, बाकी कडेने उडते. इंडक्शनवर ८५ टक्के जाते. म्हणजे एका सिलिंडरचं काम इंडक्शनला सुमारे १४० युनिटमध्ये होतं. तुमच्या सिलिंडरच्या किमतीला १४० ने भागा. येणारा आकडा तुमच्या शेवटच्या युनिटच्या दरापेक्षा जास्त असेल तर इंडक्शन स्वस्त, कमी असेल तर गॅस.

इथेच टप्पे आडवे येतात. महिन्याला ८० युनिट वापरणाऱ्या घराने सगळा स्वयंपाक विजेवर नेला तर वाढीव युनिट दुसऱ्या टप्प्यात जातात आणि फायदा बराचसा संपतो. अशा घराने कुकर आणि चहा इंडक्शनवर, भाकरी-पोळी गॅसवर अशी वाटणी करावी. छतावर सोलर असेल तर दुपारचा स्वयंपाक इंडक्शनवर केलेलाच बरा.

२००० वॅटची शेगडी सुमारे ९ अँपिअर घेते. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ती लावली की प्लगच्या पिना काळ्या पडतात आणि सॉकेट वितळतं. १६ अँपिअरचं सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटलं तरच ते चालतं.

धोरणाच्या बाजूने पाहिलं तर देशात लागणाऱ्या एलपीजीपैकी सुमारे ६० टक्के आयात होतो आणि त्यातला बहुतांश आखाती देशांतून येतो. तिथला दर आणि रुपयाची घसरण या दोन्ही गोष्टी सिलिंडरच्या किमतीत येतात, मधला फरक सरकार किंवा तेल कंपन्या कधी सोसतात, कधी सोसत नाहीत. उज्ज्वला योजनेतल्या घरांना या चढउताराचा सर्वांत जास्त त्रास होतो. जोडणी मिळाली तरी पुढचा सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. आमच्या मते विजेवरचा स्वयंपाक हा आयात कमी करण्याचा सरळ मार्ग आहे, पण त्यासाठी कमी वापराच्या घरांना स्वयंपाकाच्या युनिटांसाठी वेगळा टप्पा द्यावा लागेल. तो आज नाही.

छतावरचं सोलर किती किलोवॅटचं घ्यावं? अनुदान किती?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० अनुदान आहे. तीन किलोवॅट किंवा जास्तीला एकूण ७८,०००, त्यापुढे वाढत नाही. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० मिळतात. अनुदानासाठी आतले सेलही (उन्हातून वीज करणाऱ्या चकत्या) भारतात बनलेले असलेली पॅनेल लागतात. आयात सेलची पॅनेल स्वस्त पडतात म्हणून कुणी ती बसवून दिली तर अनुदान हुकतं.

एक किलोवॅटला सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट मिळतात. तीन किलोवॅटला महिन्याला ३६० धरा. पावसाळ्यात हे बरंच उतरतं, मार्च-एप्रिलमध्ये चढतं. मागच्या बारा बिलांचे युनिट जोडा आणि १४४० ने भागा, तेवढे किलोवॅट पुरे. जास्त मोठं घेऊ नका. उरलेले युनिट आर्थिक वर्ष संपेपर्यंत पुढे जातात, नंतर शिल्लक राहिलेल्यांना आयोगाने ठरवलेला दर मिळतो आणि तो तुम्ही भरता त्या दरापेक्षा बराच कमी असतो.

क्रम असा: योजनेच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांकाने नोंदणी, नोंदणीकृत पुरवठादाराची निवड, उभारणी, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा), वितरण कंपनीची तपासणी, आणि शेवटी बँक खात्याची माहिती. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी मंजुरी लागत नाही. अर्ज अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे वीजजोडणी आजोबांच्या नावावर आणि बँक खातं नातवाचं. नावबदल आधी करून घ्या.

उभारणीत पुढच्या गोष्टी जागेवर उभं राहून बघा. लोखंडी सांगाडा गरम बुडवून जस्त चढवलेला हवा, वेल्डिंगनंतर चंदेरी रंग मारलेला नको, तो दोन पावसाळ्यांत गंजतो. पॅनेलकडची डीसी बाजू, घराकडची एसी बाजू आणि आकाशातली वीज जमिनीत नेणारा वीजरोधक यांना तीन वेगळे अर्थिंगचे खड्डे हवेत. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी एका पॅनेलच्या कोपऱ्यावर जरी पडली तरी त्या ओळीतल्या बाकी पॅनेलचं उत्पादनही खाली येऊ शकतं. सोलरच्या इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल बारीक आणि लांब असली तर दुपारी व्होल्टेज चढतं, २५३ व्होल्टच्या आसपास इन्व्हर्टर बंद पडतो आणि पुन्हा चालू होतो. ऐन उन्हात उत्पादन शून्य दिसत असेल तर पॅनेलला दोष देण्याआधी हे तपासा. पॅनेल सकाळी लवकर धुवा; तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. पाच वर्षांची देखभाल पुरवठादारावर बंधनकारक आहे, करारात ती लिहून घ्या.

लाइट गेल्यावर सोलर का चालत नाही?

कारण नेट मीटरवरचा इन्व्हर्टर ग्रिडच्या (बाहेरच्या वीजजाळ्याच्या) तालावर चालतो. ग्रिड बंद झाल्यावरही तो वीज सोडत राहिला तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाईल, म्हणून तो क्षणात बंद होतो. बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तर घरापुरती वीज मिळते, पण खर्च बराच वाढतो.

सौर वीज दोन-अडीच रुपयांना मिळते म्हणतात. मग आमचा दर का उतरत नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो योग्य आहे. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १.९९ रुपये हा दर निघाला होता, हेही खरं.

पण वितरण कंपनी जी वीज विकते तिच्यातली बरीचशी जुन्या करारांतली आहे. औष्णिक केंद्रांचे करार साधारण २५ वर्षांचे असतात आणि त्यांचा दर दोन भागांत असतो. एक भाग केंद्र उभारल्याचा, तो वीज घेतली नाही तरी द्यावा लागतो. केंद्र ठरल्याप्रमाणे उपलब्ध असलं (बहुतेक ठिकाणी ८५ टक्के) की पुरे. दुसरा भाग कोळशाचा, तो घेतलेल्या युनिटवर. दुपारी स्वस्त सौर वीज घेतली तर कोळशाचा खर्च वाचतो, पहिला भाग तसाच राहतो. २०१० च्या सुमारास मागणीचे अंदाज फुगवून केलेल्या करारांचे पैसे आपण आजही भरतोय.

संध्याकाळी सातला सूर्य नसतो आणि मागणी चढलेली असते. त्या वेळी कोळसा, पाणी किंवा साठवलेली वीजच लागते, आणि ती महाग आहे. त्यात गळती मिळवा. देशभरात वितरणातली तांत्रिक आणि व्यापारी गळती (तारांत वाया गेलेली, चोरीची आणि पैसे वसूल न झालेली वीज) १५-१६ टक्क्यांच्या घरात आहे. ५ रुपयांनी घेतलेल्या १०० युनिटपैकी ८५ चेच पैसे आले तर त्या युनिटचा खर्च ५.८८ रुपये होतो, पारेषण आणि तारांचा खर्च वेगळा. २०२१ मध्ये केंद्राने ३ लाख कोटींहून मोठी वितरण सुधारणा योजना याच गळतीसाठी आणली, आणि स्मार्ट मीटर हा तिचाच भाग आहे.

कोळशावरचा करही दरात असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरचा टनामागे ४०० रुपयांचा उपकर गेला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. साधं गणित केलं तर टनाला सुमारे ३,००० रुपयांपेक्षा स्वस्त कोळशावरचा कर कमी झाला आणि महाग कोळशावरचा वाढला. देशी स्वस्त कोळशावरच्या केंद्रांना यातून होणारी बचत इंधन समायोजनात दिसायला हवी. ती दिसते का, हे दरवाढीच्या सुनावणीत विचारण्यासारखं आहे.

देशाची निम्मी वीज आता कोळशाविना होते ना?

निम्मी क्षमता, निम्मी वीज नव्हे. २०२५ च्या मध्याला स्थापित क्षमतेपैकी ५० टक्के गैर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून) झाली, २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं गेलं. ही मोठी गोष्ट आहे. पण एक किलोवॅट सौर पॅनेल दिवसाला ४ युनिट देतं आणि एक किलोवॅट कोळसा केंद्र १५-१६ देऊ शकतं. म्हणून प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा अजून ७० टक्क्यांच्या आसपास आहे. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट गैर-जीवाश्म क्षमता, २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुऊर्जा आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन ही पुढची उद्दिष्टं आहेत.

घराच्या बिलासाठी यात निर्णायक गोष्ट साठवणुकीची आहे. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प स्वस्त वेळेत पाणी वरच्या धरणात चढवतो आणि मागणीच्या वेळी तेच पाणी सोडून वीज करतो. वीस-पंचवीस टक्के वीज या चढउतारात जाते, तरी संध्याकाळच्या महाग विजेपेक्षा ते परवडतं. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे, पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा असल्याने ती रात्रंदिवस चालवता येत नाही. गरजेच्या तासांसाठी राखून वापरावी लागते. सह्याद्रीचा उतार ही या राज्याची साठवणुकीतली मोठी जमेची बाजू आहे. मात्र हे प्रकल्प धरणं, जंगलं आणि गावांवर उभे राहतात. पुनर्वसनाचा खर्च प्रकल्पाच्या हिशेबात पूर्ण धरला नाही तर तो विस्थापितांवर पडतो, आणि कोयनेच्या धरणग्रस्तांच्या अनुभवानंतर तसं पुन्हा होऊ देता कामा नये.

शेतकऱ्यांना मोफत वीज दिल्याने आमचं बिल वाढतं का?

अर्धं उत्तर हो आहे. विद्युत कायदा २००३ च्या कलम ६५ नुसार राज्याला कुणाला सवलत द्यायची असेल तर ती रक्कम वितरण कंपनीला आगाऊ द्यायची असते. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे, तिचे पैसे राज्याच्या तिजोरीतून यायला हवेत. ते वेळेवर आले तर तुमच्या दरावर परिणाम नाही. उशीर झाला तर कंपनी कर्ज काढते आणि त्याचं व्याज दरात येतं.

दुसरा भाग क्रॉस सबसिडीचा. उद्योग आणि व्यापारी ग्राहक खर्चापेक्षा जास्त दर देतात, त्यातून शेती आणि १०० युनिटखालची घरं यांचा दर कमी ठेवला जातो. राष्ट्रीय दर धोरण म्हणतं की कोणताही दर सरासरी पुरवठा खर्चाच्या वर-खाली २० टक्क्यांत असावा. मोठे ग्राहक स्वतःचं सौर उभारून बाहेर पडू लागले की राहिलेल्यांवर भार वाढतो. शिवाय अनेक पंपांना मीटर नाही. त्यांचा वापर अंदाजाने धरतात, आणि अंदाज फुगला की गळती त्यात लपते. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, रात्री दोनला विंचू-सापांत पाणी द्यायला जाणारा तोच आहे. कृषी वाहिन्यांवर दिवसा सौर वीज देण्याची राज्याची योजना दोघांच्याही भल्याची आहे, कारण ती शेतीची मागणी स्वस्त तासांत आणते.

'नियामक मत्ता' म्हणजे काय?

वाढ एकदम नको म्हणून आयोग मान्य खर्चाचा काही भाग पुढे ढकलतो, ती थकलेली वसुली. तिच्यावर व्याज चढतं आणि पुढच्या ग्राहकांकडून ती घेतली जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रकमा ठरावीक मुदतीत निकाली काढायचा आदेश दिला. निवडणुकीच्या वर्षात दर स्थिर राहिले तर हा आकडा तपासायला हवा.

बिल चुकीचं आहे आणि लाइन तोडायची नोटीस आली. आता?

विद्युत कायद्याच्या कलम ५६ नुसार जोडणी तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस आवश्यक आहे. वाद सुरू असताना तुम्ही निषेध नोंदवून एकतर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली कमी असेल ती भरली तर पुरवठा तोडता येत नाही. पावतीसोबत 'निषेधासह भरणा' असं पत्र द्या आणि पोच घ्या. जी थकबाकी दोन वर्षांहून जुनी आहे आणि बिलात सलग दाखवलेली नाही, ती वसूल होत नाही.

आधी वितरण कंपनीच्या कार्यालयात लेखी तक्रार, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, मग मुंबई किंवा नागपूरचा विद्युत लोकपाल. मंचाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, लोकपालाकडे मंचाच्या निकालानंतर ६० दिवसांत. वकील लागत नाही. बारा महिन्यांची बिलं, मीटरचे तारखेसह फोटो आणि प्रत्येक अर्जाची पोच, एवढं जोडलं की बहुतेक प्रकरण मांडून होतं. वीजचोरीच्या कलम १३५ खालची आणि अनधिकृत वापराच्या कलम १२६ खालची प्रकरणं मंचाकडे चालत नाहीत, त्यांचा मार्ग वेगळा आहे.

दरवाढीच्या सुनावणीत सामान्य माणसाला बोलता येतं का?

येतं, आणि मराठीतही. वितरण कंपनी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे दरांची याचिका देते, तिची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत येते आणि हरकती मागवल्या जातात. कलम ६४ नुसार आयोगाने याचिका मिळाल्यापासून १२० दिवसांत निकाल द्यायचा असतो, त्यामुळे हरकतीची मुदत थोडीच असते. सूचना दिसल्याच्या दिवशी याचिका उतरवून घ्या.

'दरवाढ रद्द करा' एवढंच लिहिलेली पत्रं शेकडो येतात आणि आदेशात एका ओळीत निकाली निघतात. पान क्रमांक देऊन एक प्रश्न विचारलेलं पत्र आलं तर आयोगाला त्याचं उत्तर आदेशात द्यावं लागतं. विचारण्यासारखं बरंच आहे. मीटर नसलेल्या पंपांचा वापर कोणत्या फीडरच्या (पंपांना वीज देणाऱ्या वाहिनीच्या) रीडिंगवरून धरला? मागच्या वर्षी आयोगाने मान्य केलेली गळती किती, प्रत्यक्ष किती, आणि फरकाचा खर्च कंपनीने सोसला की ग्राहकांवर टाकला? वीज न घेता कोणत्या केंद्राला किती स्थिर खर्च दिला? नवा दीर्घ करार मागत असतील तर संध्याकाळच्या मागणीचा कोणता अंदाज त्याला आधार आहे? शेवटचा प्रश्न सोसायटीने, ग्रामपंचायतीने किंवा महिला बचत गटाने जरूर विचारावा, कारण तो करार मंजूर झाला की पुढची पंचवीस वर्षं तो बदलत नाही.